रक्ताऐवजी बलक

जून २०२०मध्ये आयसीएमआरने कोविडच्या पहिल्या झटपट अँटिजेन चाचणीला मान्यता दिली. एसडी बायोसेन्सर या कोरियन कंपनीचं ते किट मानेसरच्या कारखान्यात तयार होत होतं. पुढची दोन वर्षं या आणि अशा किटांनी आपली नाकं हैराण केली. नाकातली काडी द्रावणात घुसळायची, पट्टीवर थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटं ‘टी’ या अक्षरासमोर रेघ उमटते का याकडे डोळे लावून बसायचं. शेजारच्या ‘सी’कडे कुणी बघतही नव्हतं. ती रेघ यायचीच. आली नाही तर किट बाद.

या किटच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं आहे की ‘सी’च्या जागी उंदराची प्रतिपिंडं बसवलेली असतात आणि ती कोंबडीच्या प्रतिपिंडांना पकडतात. द्रावण पट्टीवरून पुढे सरकतं तेव्हा रंगीत कणांना चिकटवलेली कोंबडीची प्रतिपिंडं सोबत वाहत येतात, ‘सी’पाशी अडकतात आणि रेघ दिसते. रोग असो वा नसो, पट्टी चालली एवढंच ती सांगते. इथे कोंबडीच का? कारण माणसाच्या नाकातलं काही किंवा पट्टीवरची इतर प्रतिपिंडं तिच्या वाटेला सहसा जात नाहीत.

  ही ‘सी’ची रेघ डोक्यात राहिली. प्रयोगशाळांना लागणारी प्रतिपिंडं शंभराहून अधिक वर्षं सशांच्या, शेळ्यांच्या, घोड्यांच्या रक्तातून काढली जात आहेत. तीच प्रतिपिंडं कोंबडी जवळजवळ रोज टरफलात बंद करून आपणहून बाहेर ठेवते. मग हे काम सगळीकडे तिच्याकडेच का गेलं नाही, हे बघायला निघालो.

यवतच्या पुढे, एका शेडमध्ये

सुरुवात प्रयोगशाळेतून केली नाही, हे बरं झालं. सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे एका ओळखीच्यांची लेयर पोल्ट्री आहे. पिंजऱ्यांच्या लांबच लांब रांगा, खाली उतारावरून घरंगळत येऊन थांबलेली अंडी, आणि ट्रे भरणारी दोन मुलं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. मी त्यांना प्रतिपिंडं म्हणजे काय ते समजावायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“म्हणजे मॅटर्नल. त्याच्यावर तर आमचं सगळं टाइमटेबल आहे, सर.”

आणि मग त्यांनीच मला समजावलं. एक दिवसाची पिल्लं हॅचरीतून येतात ती आईकडून काही घेऊन आलेली असतात. आईला ज्या ज्या लशी दिलेल्या असतात, त्यांची प्रतिपिंडं तिच्या रक्तातून बलकात उतरतात आणि बलकातून पिल्लात. पहिले काही दिवस ही शिदोरी पुरते. अण्णांची अडचण वेगळीच. शिदोरी शिल्लक असताना गंबोरो या रोगाची जिवंत लस दिली, तर आईची प्रतिपिंडं लशीतल्या विषाणूलाच निकामी करतात आणि डोस फुकट जातो. शिदोरी संपल्यावर लस द्यायला उशीर केला, तर खरा गंबोरो शेडमध्ये शिरतो. मधली फट काही दिवसांचीच. ती साधारण दुसऱ्या आठवड्यात येते, पण प्रत्येक लॉटची वेगळी. म्हणून मोठे पोल्ट्रीवाले पिल्लांचं रक्त तपासून तारीख ठरवतात. लासोटा या लशीचं तसंच. राणीखेतसाठी, म्हणजे गावाकडच्या मानमोडीसाठी, पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब टाकतात.

ज्या गोष्टीवर युरोपात कार्यशाळा झाल्या आणि प्रबंध लिहिले गेले, तिचा मूळ मुद्दा या शेडमधल्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्यात, खडूने लिहिलेला होता.

बलक अंडाशयात तयार होतो. अंडं सुटण्याआधीच्या शेवटच्या आठ-दहा दिवसांत तो भराभर वाढतो आणि तेव्हाच कोंबडीच्या रक्तातली आयजीवाय नावाची प्रतिपिंडं त्यात ओढली जातात. रक्तातून बलकात पोचायला त्यांना तीन ते सहा दिवस लागतात. पांढरा बलक नंतर, अंडनलिकेत चढतो. त्यात दुसऱ्या जातींची प्रतिपिंडं असतात, पण थोडी. उबवणीच्या एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं, त्याआधीच्या शेवटच्या दिवसांत ते बलकातली ही ठेव आपल्या रक्तात ओढून घेतं. अंडं उबवायला न ठेवता प्रयोगशाळेत नेलं, तर ती ठेव बलकातच राहते. सगळं तंत्र एवढंच आहे.

फेलिक्स क्लेम्परर या जर्मन डॉक्टरने १८९३मध्येच हे दाखवून दिलं होतं. त्याने कोंबड्यांना धनुर्वाताविरुद्ध तयार केलं, त्यांच्या अंड्यातला बलक उंदरांना दिला आणि उंदीर वाचले. मात्र त्याआधी तीनच वर्षं बेरिंग आणि कितासातो यांनी रक्तजलाचा उपचार जगापुढे आणला होता. घोड्याच्या शिरेतून एका वेळी काही लिटर रक्त मिळत असताना अंडी फोडत कोण बसणार? क्लेम्पररचा शोध जवळजवळ शंभर वर्षं पडून राहिला.

शेपटीजवळची पिशवी

गंबोरो हे अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका जागेचं नाव. हा रोग कोंबडीच्या गुदद्वाराजवळच्या एका छोट्या पिशवीवर हल्ला करतो. सोळाव्या-सतराव्या शतकात पदुआला शरीरशास्त्र शिकवणाऱ्या फॅब्रिसियसने या पिशवीचं वर्णन करून ठेवलं होतं, पण ती करते काय हे पुढची तीनशेहून अधिक वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कळलं ते कुक्कुटशास्त्राच्या वर्गात. १९५०च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी होता. त्याने प्राध्यापकांना विचारलं, ही पिशवी कशासाठी असते? प्राध्यापकांनी उत्तर शोधायचं काम त्याच्याच गळ्यात घातलं. ग्लिकने पिल्लांच्या पिशव्या काढून टाकल्या आणि ती वाढवली. त्यांच्या वाढीत फारसा फरक पडला नाही. प्रयोग फसल्यासारखाच होता. मग टिमोथी चँग या सहकाऱ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या: साल्मोनेलाचं इंजेक्शन द्यायचं आणि रक्तात प्रतिपिंडं कशी तयार होतात ते मुलांना दाखवायचं. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या घेतल्या. प्रात्यक्षिक सपशेल पडलं, बऱ्याच कोंबड्यांत प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. कोणत्या ते तपासलं, तर ज्यांची पिशवी काढली होती त्याच.

‘सायन्स’ने हा लेख नाकारला. १९५६मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला, आणि त्या काळी रोगप्रतिकारशास्त्राचे किती अभ्यासक कोंबड्यांचं नियतकालिक चाळत असतील याचा अंदाज करता येतो. पुढे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशींना ‘बी’ पेशी हे नाव मिळालं ते याच पिशवीच्या, बर्साच्या, आद्याक्षरावरून. आपल्या अंगात ही पिशवी नाही, तरी आपल्या रक्ताच्या अहवालात ते अक्षर आहे. प्रतिपिंडांच्या विज्ञानात कोंबडीचा हक्क जुना आहे, हे सांगायला हा फाटा फोडला.

पेन्सिलीने लिहिलेली अंडी

पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी गेलो तिथे कोंबड्या दुसऱ्या इमारतीत होत्या. व्हाइट लेगहॉर्न जातीच्या, पांढऱ्या, एकेकट्या पिंजऱ्यात. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी संस्थेने नेमलेल्या नीतिसमितीची परवानगी दाराशी लावलेली होती. अंडं गोळा केल्याबरोबर त्यावर पेन्सिलीने कोंबडीचा क्रमांक आणि तारीख घालायची, ही पहिली शिस्त. पेन इथे चालत नाही. टरफलाला बारीक छिद्रं असतात, शाई आत उतरू शकते.

एकेकट्या पिंजऱ्याचं मला खटकलं, तसं मी बोललो. काम दाखवणाऱ्या मॅडम म्हणाल्या की त्यांनाही ते खटकतं. कोंबडी ही कळपाने राहणारी, जमीन उकरणारी, धुळीत लोळणारी. मोकळ्या जागेत चारपाच एकत्र ठेवल्या तर त्या खूश असतात, पण अंडं कुणाचं ते कळत नाही, आणि प्रत्येक कोंबडीचा प्रतिसाद वेगळा असतो. एक जोरदार निघते, शेजारची थंड. सगळ्यांची अंडी एकत्र केली की चांगलीचा माल वाईटात मिसळतो. काही ठिकाणी एकत्र ठेवून सगळी अंडी मिसळूनच काम करतात. इथे तसं नाही.

तलंग अंड्यावर येण्याआधीच तिला पहिलं इंजेक्शन देतात. छातीच्या स्नायूत, दोन-तीन जागी वाटून. ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं हवीत तो पदार्थ काही मायक्रोग्रॅमच पुरतो. नुसता दिला तर शरीर फारसं लक्ष देत नाही, म्हणून तो तेलात घोटून देतात. फ्रॉइंडचं मिश्रण त्यासाठी जुनं आणि नावाजलेलं. त्याच्या पूर्ण रूपात क्षयरोगाच्या कुळातले मारलेले जिवाणू असतात आणि सशांना त्याने वाईट गाठी येतात. कोंबड्या ते बऱ्यापैकी सोसतात, पण बऱ्यापैकीच. या प्रयोगशाळेत जिवाणू नसलेलं अर्धं मिश्रण वापरतात. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा डोस. इंजेक्शनच्या आधीची अंडीही जपून ठेवलेली असतात, कारण ‘आधी काही नव्हतं’ हे दाखवावं लागतं.

काही नव्हतं असं तरी कसं म्हणायचं? या कोंबड्याही हॅचरीतून लासोटा, गंबोरो घेऊनच आलेल्या. एका बलकात ५० ते १०० मिलिग्रॅम आयजीवाय मिळतं, त्यातलं हव्या त्या पदार्थाविरुद्धचं साधारण २ ते १० टक्के. बाकी सगळं कोंबडीचं आधीचं आयुष्य.

मग अंडं फोडायचं. इथे मॅडमनी मला बाजूला बसवून सगळं स्वतः केलं, आणि ते बघण्यासारखं होतं. दोन अर्ध्या टरफलांत बलक इकडून तिकडे, तिकडून इकडे करत पांढरं खाली सोडून दिलं. ऑम्लेट करणाऱ्या कुणालाही येईल इतकं. पण पांढऱ्याचा शेवटचा पातळ थर बलकाला धरून राहतो आणि त्यातली प्रथिनं पुढे घोटाळा करतात. म्हणून बलक अलगद गाळणकागदावर ठेवायचा आणि कागद तिरका करत त्याला लोळवायचा. पांढरं कागदाला चिकटत जातं, बलकाच्या दोन टोकांचे पीळदार दोरेही कागदावर राहतात. लोळता लोळता बलक कोरडा होतो. त्याच्यावरची पारदर्शक त्वचा ताणलेली दिसायला लागते, आणि इथेच हात हलका लागतो. घाई केली तर ती कागदावरच फुटते. मग कागद मोजपात्राच्या तोंडाशी दुमडून त्वचेला टोक लावायचं. पिवळं आत धावतं, त्वचा चिंधीसारखी कागदावर उरते. पंधरा मिलिलिटरच्या आसपास.

पुढचं सगळं भांडण चरबीशी आहे. बलकात चरबी ठासून भरलेली, आणि प्रतिपिंडं मात्र त्यातल्या पाणीदार भागात. दक्षिण आफ्रिकेतल्या आल्फ्रेड पॉल्सन यांनी १९८०मध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल (पीईजी) वापरून जी पद्धत बसवली, ती थोड्याफार फरकाने आजही चालते. बलकाच्या दुप्पट क्षारद्रावण, त्यात साडेतीन टक्के पीईजी, घुसळायचं आणि थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. नळी बाहेर काढली तेव्हा आत तीन थर होते: वर तेलकट साय, खाली घट्ट पिवळा गाळ आणि मध्ये जवळजवळ नितळ पाणी. आपलं काम त्या पाण्याशी. ते गाळून घ्यायचं, त्यात आणखी पीईजी टाकायचं, की प्रतिपिंडं पांढरट होऊन तळाशी बसतात. ती विरघळवून पुन्हा एकदा तसंच करायचं आणि रात्रभर पातळ पडद्याच्या नळीत धुवायला ठेवायचं.

पीईजी नको असेल तर त्याहून साधी रीत आहे. बलकात दहापट थंड, किंचित आम्ल पाणी घालायचं, पीएच पाचच्या आसपास ठेवायचा आणि फ्रिजमध्ये रात्रभर विसरून जायचं. चरबीचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. गोठवून पुन्हा वितळवलं तर त्यांचे इतके मोठे पुंजके होतात की साध्या कागदातूनही गाळता येतं. सेंट्रिफ्यूज नसलेल्या कॉलेजातही हे होऊ शकतं. या लेखासाठी जे जे पाहिलं त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. महागडं यंत्र इथे अडून बसत नाही.

सशाचा हिशेब मांडून बघा. त्याच्या कानाच्या शिरेतून एका वेळी काही दहा मिलिलिटर रक्त काढतात, मग विश्रांती, मग पुन्हा. शेवटी बहुतेकदा एकदमच सगळं रक्त काढून घेतात आणि ससा संपतो. कोंबडी वर्षाला अडीचशे अंडी देते असं धरलं, तर कमीत कमी हिशेबानेही बारा ग्रॅमवर आयजीवाय होतं, तेही सुई न टोचता. सुई फक्त डोसापुरती. अंडी फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने टिकतात. कामाच्या गडबडीत काढायचं राहिलं तर अंडं वाट बघतं.

दूरच्या नात्याचा फायदा

नुसतं रक्त वाचतं म्हणून कुणी चाचणीची पद्धत बदलत नाही. कोंबडीचा खरा उपयोग ती आपल्यापासून किती दूर आहे यात आहे. पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची वाट फुटली त्याला तीस कोटींहून अधिक वर्षं झाली. माणसाचं एखादं प्रथिन सशाच्या प्रथिनाशी जवळजवळ जुळत असेल, तर सशाचं शरीर त्याला परकं मानतच नाही आणि प्रतिपिंडं करत नाही. कोंबडीला ते लगेच खटकतं.

दुसरं म्हणजे, संधिवाताच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर असतो. तो स्वतःच एक प्रतिपिंड, आणि दुसऱ्या प्रतिपिंडांच्या शेपटीला धरणारा. चाचणीत सशाची किंवा उंदराची प्रतिपिंडं असली, तर हा गृहस्थ त्यांनाही धरतो आणि नसलेली गोष्ट अहवालात ‘आहे’ म्हणून येते. कोंबडीच्या आयजीवायची शेपटी त्याला ओळखू येत नाही. नॉर्वेतल्या मॉस गावची जेन्शियन ही कंपनी मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी सिस्टॅटिन-सी मोजायचं जे किट विकते, त्यातली प्रतिपिंडं कोंबडीची आहेत. म्हणजे ही गोष्ट संशोधनाच्या वहीत अडकलेली नाही, रोजच्या पॅथॉलॉजीत आलेली आहे.

आपल्याकडचं उदाहरण अन्नाचं. उघड्यावरच्या खव्यातून, पेढ्यातून जी विषबाधा होते, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू नेहमीचा संशयित. उलट्या त्याने सोडलेल्या विषामुळे होतात, म्हणून शोधायचं असतं ते विष. पण या जिवाणूच्या अंगावर प्रोटीन-ए नावाचं प्रथिन असतं आणि ते सस्तन प्राण्यांच्या प्रतिपिंडांना शेपटीकडून पकडतं. विष नसलं तरी चाचणी रंगते. म्हैसूरच्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी इथे कोंबडीची प्रतिपिंडं वापरून हा खोटा रंग टाळणारी पद्धत तयार केली. प्रोटीन-ए आयजीवायला पकडत नाही.

गंमत अशी की हाच गुण अडचणही आहे. सशाची प्रतिपिंडं शुद्ध करायची सोपी रीत म्हणजे प्रोटीन-ए भरलेल्या नळीतून ती सोडणं. चिकटतात, धुतो, सोडवतो, संपलं. कोंबडीची तिथे चिकटतच नाहीत. म्हणून तर ती साय, तो गाळ आणि ती रात्रभरची धुलाई.

कॅटलॉग आणि सवय

१९९६मध्ये युरोपच्या पर्यायी पद्धतींच्या केंद्राने, ईसीव्हॅमने, यावर कार्यशाळा घेतली. बर्लिनच्या रुडिगर शाडे यांच्यासारखे अभ्यासक त्यात होते आणि शिफारस स्पष्ट होती: जिथे जमेल तिथे सस्तन प्राण्यांऐवजी बलक वापरा. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडच्या पशुवैद्यक खात्याने प्राणिकल्याणाच्या दृष्टीने त्याला मान्यताही दिली. तरीही आज कुठल्याही प्रयोगशाळेचा फ्रीजर उघडा, बाटल्यांवर ‘रॅबिट’ आणि ‘माउस’च दिसतील.

कारणं विज्ञानात कमी आणि व्यवहारात जास्त. सशाचं प्रतिपिंड पकडणारं दुय्यम प्रतिपिंड प्रत्येकाकडे पडून असतं. कोंबडीसाठी वेगळं मागवावं लागतं. मार्गदर्शकाने जे वापरलं तेच विद्यार्थी वापरतो, कारण जुन्या आकड्यांशी ताडायचं असतं. मोठी अडचण १९७५पासूनची. त्या वर्षी कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या पेशींपासून एकाच साच्याची, कधीही न संपणारी प्रतिपिंडं करायची रीत काढली, आणि कंपन्यांना तेच हवं होतं. कोंबडीचं अंडं आजचं आणि सहा महिन्यांनंतरचं सारखं नसतं. ती मेली की ते मिश्रण संपलं. दुसरी कोंबडी तेच करेल याची हमी नाही.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र तिला जवळ केलं. एकाच कापावर तीन वेगळ्या गोष्टी तीन रंगांत दाखवायच्या, तर तीन वेगळ्या प्राण्यांची प्रतिपिंडं लागतात. ससा झाला, उंदीर झाला, तिसरी कोंबडी. हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाविरुद्धचं कोंबडीचं प्रतिपिंड त्यांच्याकडे आता नेहमीच्या वापरात आहे.

तेवढ्यात पायाखालची जमीन पुन्हा हलली आहे. ज्या युरोपीय केंद्राने कोंबडीची शिफारस केली, त्याच व्यवस्थेने २०२०मध्ये म्हटलं की प्रतिपिंडांसाठी आता प्राणी वापरूच नका, जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंच्या साहाय्याने ती नळीतच तयार करा. इथेही कोंबडी थोडी मध्ये येतेच. माणसात, उंदरात प्रतिपिंडांचे जनुक अनेक तुकड्यांतून जुळतात. कोंबडीत कामाचा मूळ तुकडा एकच असतो आणि शेजारच्या निकामी जनुकांचे अंश त्यात मिसळत ती वैविध्य आणते. त्यामुळे तिच्या प्रतिपिंडांचे जनुक नळीतल्या कामासाठी उचलणं सोपं पडतं. असल्या मांडणीत कोंबडी एकदाच लागते, मग तिचा पाठ लिहून घेतला जातो.

पुण्याच्या मॅडमना मी विचारलं, तुमचा कल कुठे? त्यांचं उत्तर पैशांपासून सुरू झालं. नळीतल्या पद्धतीचा खर्च त्यांच्या अनुदानात बसत नाही, एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात तर नाहीच. अंडी बसतात. इंजेक्शन दिलेल्या कोंबड्या आणि त्यांची अंडी बाजारात जात नाहीत. काम संपलं की काय करायचं ते नीतिसमितीच्या कागदावर आधीच ठरलेलं असतं, आणि ते वाचायला छान नसतं. पुढच्या वेळी जमिनीवरच्या खोलीत, एकत्र ठेवून बघणार आहेत. पायात रंगीत कडी आणि अंडी घालायच्या खोक्याच्या दारावर कॅमेरा, म्हणजे कुणाचं अंडं ते कळेल. कॅमेऱ्याचं कोटेशन आलं होतं. ते मंजुरीसाठी हिशेब विभागात अडकलं होतं, कारण कोंबडीच्या प्रयोगाला कॅमेरा कशाला लागतो, असा शेरा मारून फाइल परत आली होती.